गंजलेली एमएक्स-५: दुरुस्त करू, मोडीत देऊ, की तिच्यातून किट कार बांधू?

चौदाचापाना

मंडळी, दीड महिना एकाच प्रश्नाभोवती घुटमळतोय. इथे गाड्यांत हात काळे केलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतो.

माझ्याकडे १९९४ ची माझदा एमएक्स-५ आहे. १.८ लिटरचं इंजिन, पापण्या उघडल्यासारखे वर येणारे दिवे. स्विंडनला आलो त्याच वर्षी घेतली, नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीत, नापास झाली. दोन्ही सिल मागच्या चाकापाशी सडलेत. सिल म्हणजे दाराखालून लांबीभर जाणारा पेटीसारखा पत्रा. उघड्या टपाच्या गाडीचा बराचसा ताठपणा त्याच्यावरच असतो. वेल्डरने १८०० पौंड सांगितले, वर "उघडल्यावर आणखी काय निघेल ते आज सांगता येत नाही" हेही सांगितलं.

यांत्रिक बाजू मात्र ठणठणीत आहे. इंजिन तेल पीत नाही, गिअर लोण्यासारखे पडतात, डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, गप्प.

तर तीन वाटा दिसतात. वेल्डिंग करून घेणं. आहे तशी भंगारात देणं. किंवा तिला 'डोनर' करून किट कार बांधणं. एमएक्स-५ साठी एक्सोसेटच्या जातीच्या किट मिळतात: वेल्ड केलेला पाइपांचा सांगाडा येतो, जुना पत्रा पूर्ण काढून टाकायचा आणि इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक सगळं त्या सांगाड्यात बसवायचं. दारं नाहीत, छत नाही. मूळ गाडी हजार किलोच्या आतबाहेर, बांधलेली साडेसहाशे-सातशेच्या घरात. इंजिन तेच, १३० अश्वशक्तीचं.

माझा कागदावरचा हिशोब किट, टायर, सीट, पट्टे, दिवे, सायलेन्सर आणि चाचण्या धरून साडेआठ हजार पौंडांवर जातोय. घराला एका गाडीचं गॅरेज आहे. मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि पहिल्या दिवसापासून "बांधूया" म्हणतोय. बायको म्हणते, ठरव, पण ठरवल्यावर अर्धवट सोडायचं नाही.

बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपात होते. नुसती चासी यायची आणि तिच्यावर बस उभी राहायची, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे हे काम अशक्य वाटत नाही. पण करावं का, हे कळत नाही. बांधलेल्यांनी आणि बांधता बांधता सोडलेल्यांनी, दोघांनीही लिहा.

तिरफळ

दाता गाडी! म्हणजे हे गाडीचं अवयवदानच झालं की. हृदय चालू आहे, हाडं गेली आहेत. वाचतेय, पुढे काय होतं ते इथेच कळवत राहा.

लेस्टरची_लेक

बांधलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी डोनर फोर्ड सिएरा होती. तीन वर्षं लागली. त्यातला पहिला हिवाळा नुसता सोडवण्यात आणि घासण्यात गेला. सगळे जोडण्याचे तास मोजतात. तीस वर्षांच्या गाडीखालचा चिखल, ग्रीस आणि गंज खरवडून प्रत्येक भाग रंगवायचे तास कोणी धरत नाही. तुमच्या हिशोबात ते नाहीत, आधी ते धरा.

दुसरं, तुमची डोनर तुम्ही नऊ वर्षं चालवली आहे. ही फार मोठी जमेची बाजू आहे. लोक लिलावात न चालवलेली गाडी घेतात, सोडवतात, आणि दोन वर्षांनी सांगाड्यात बसवल्यावर कळतं की तिसरा गिअर ओरडतो. तुम्हाला प्रत्येक आवाज माहीत आहे.

तिसरं, वायरिंग. प्रत्येक जोडणी सोडवण्याआधी तिला कागदी टेप लावून नाव लिहा आणि फोटो काढा. मी सुरुवातीला "लक्षात राहील" म्हणून दहा-बारा जोड्या तशाच सोडल्या. त्या दहा-बारांनी माझे चार आठवडे खाल्ले. नट-बोल्टांना छोट्या पिशव्या आणि पिशवीवर नाव.

एमएक्स-५ ची एक गोष्ट मला आवडते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची लांब तुळई असते. त्यामुळे पुढची-मागची सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी चौकट), इंजिन, सगळं एकसंध राहतं आणि बॉडी वरून उचलून घेता येते. सिएरात असं काही नव्हतं, तुकड्या-तुकड्यांनी काढावं लागलं.

करावं का? मी परत करेन. पण मला गॅरेजमधले तास आवडतात. तुम्हाला रस्त्यावरचे जास्त आवडत असतील तर उत्तर वेगळं येईल.

हिशेबनीस

स्पष्ट लिहितो. साडेआठ हजारात तुम्हाला याच जातीची, बांधून, चाचणी पास होऊन रस्त्यावर आलेली गाडी वापरलेली मिळेल, कदाचित कमीतही. किट कार विकताना बांधणाऱ्याच्या तासांची किंमत शून्य धरली जाते, कित्येकदा नव्या भागांचे पैसेही पूर्ण सुटत नाहीत. म्हणजे घेणाऱ्याचा फायदा. गाडी हवी असेल तर बांधलेली घ्या.

आणि हिशोबात राखीव रक्कम कुठे आहे? जुनं रबर, बुश, बेअरिंग, ब्रेकचे पाइप हे सगळं हातात आल्यावर "आता बदलूनच टाकू" असं होतं. वीस टक्के वर धरा.

चौदाचापाना

@लेस्टरची_लेक, मनापासून आभार. टेपचं लिहून ठेवलं. तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. खरं सांगायचं तर मला अजून माहीत नाही कुठले तास जास्त आवडतात. आजवर मी ब्रेक, क्लच, टायमिंग बेल्ट, रेडिएटर एवढंच केलंय.

@हिशेबनीस, मान्य. एक जमेची बाजू तुम्ही धरली नाही: उरलेले भाग. माझ्याकडे मूळचा हार्डटॉप, म्हणजे वर बसवायचं टणक छत, आहे, दारं, बॉनेट, डिकीचं झाकण गंजाशिवाय आहेत, सीट चांगल्या आहेत. या गाड्या जपणारे लोक हे भाग शोधत असतात. त्यातून काही रक्कम परत येईल.

कर्वेरोडकर

हे भारतात करता येईल का? माझ्याकडे वडिलांची मारुती ८०० पडून आहे.

नियमावली

@कर्वेरोडकर, रस्त्यावर आणायची असेल तर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल वाहनात करता येणार नाही. रंग बदलणं, परवानगी घेऊन तशाच प्रकारचं इंजिन बसवणं असल्या गोष्टींना वाट आहे. चासीच नवी, बॉडीच नवी याला नाही. इंग्लंडात एकट्या माणसाच्या एका गाडीची तपासणी करून तिला मान्यता देणारी चाचणी आहे. आपल्याकडे घरी बांधलेल्या गाडीसाठी तसा सोपा दरवाजाच नाही.

उद्यमनगरी

अवांतर वाटेल, पण देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवतात का? सांगली जिल्ह्यातला कारागीर माणूस. जुन्या गाड्यांचे भाग गोळा करून मुलासाठी छोटी जीप बांधली, खर्च साठ हजारांच्या आसपास, चालू करायला मोटारसायकलसारखी किक. व्हिडिओ पसरला आणि आनंद महिंद्रांनी त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो घरी आली.

मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की ती जीप रस्त्यावर चालवायला परवानगी नव्हती, म्हणून ती संग्रहात गेली. इतकी अक्कल, इतके हात, आणि शेवटी गाडी काचेआड. कोल्हापुरात आमच्या उद्यमनगरात असे हात गल्लीगल्लीत आहेत. लेथ आहे, ओतकाम आहे, वेल्डर असा की शिवण बघत राहावी. या लोकांसाठी एका गाडीची चाचणी आपल्याकडेही हवी, कितीही कडक असली तरी चालेल. चौदाचापाना, तुम्हाला तो दरवाजा उघडा आहे. मी तुमच्या जागी असतो तर दुसरा विचार केला नसता.

नियमावली

@उद्यमनगरी, कडक असेल तर माझाही पाठिंबा आहे. न्यायालयाच्या भूमिकेमागे रस्त्यावरच्या इतरांची सुरक्षितता आहे, तेवढं विसरू नये.

रोलकेज

कॉलेजात असताना आम्ही बाहा एसएईइंडियासाठी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गाडी बांधायच्या स्पर्धेसाठी, गाडी बांधली होती. इंजिन सगळ्या संघांना सारखं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं दहा अश्वशक्तीचं. बाकी सगळं आपलं. पिथमपूरला स्पर्धेत तपासनीस एकेक वेल्ड बोट फिरवून बघायचे.

तिथलं एक शिकलोय ते सांगतो. सांगाडा बांधणं हे सगळ्यांना मुख्य काम वाटतं, कारण ते दिसतं. आमचा सांगाडा सहा आठवड्यांत उभा राहिला. पेडलची जागा, ब्रेकची नळी कुठून न्यायची, थ्रॉटलची केबल अडकते का, इंधनाची टाकी कशी धरायची, यातच चार महिने गेले. किटमध्ये सांगाडा तयार मिळतोय म्हणजे अर्धं काम झालं असं धरू नका. न दिसणारं काम तसंच राहतं.

तिरफळ

एक बाळबोध प्रश्न. ही किट कारची आवड इंग्रजांनाच इतकी का?

जुनीपानं

@तिरफळ, बाळबोध नाही, चांगला प्रश्न आहे. मूळ करात आहे. इंग्लंडात पूर्वी तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांत घेऊन स्वतः जोडली तर नाही. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये लोटस सेव्हन ही छोटी गाडी आणली ती या फटीतूनच लोकांच्या गॅरेजात पोचली. १९७३ मध्ये व्हॅट आला, सुट्या भागांचा तो फायदा संपला आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. कराची सूट गेली, पण सवय राहिली. नव्वदच्या दशकात तर २५० पौंडांत गाडी बांधायची कल्पना निघाली, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग आणि चौकोनी पाइप घरी वेल्ड करून. त्या गाड्यांना लोकॉस्ट म्हणतात. इतक्या पैशांत आज काही होत नाही, पण हजारो लोकांना वेल्डिंग त्या कल्पनेने शिकवलं.

अमेरिकेत वाट वेगळी. कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स यांनी १९६४ मध्ये फोक्सवॅगन बीटलच्या भागांवर फायबरग्लासची बग्गी बांधली, मायर्स मॅन्क्स. नंतर बीटलचा तळपत्रा कापून चौदा इंचांनी आखूड करायचा आणि वर बग्गीची बॉडी ठेवायची, ही पद्धत पडली. तिथे डोनर म्हणून बीटल का, तर ती स्वस्त, सगळीकडे मिळणारी, आणि तिची सगळी यंत्रणा तळपत्र्यावरच. डोनर निवडायचे निकष आजही हेच आहेत.

सॅनहोजेकर

@जुनीपानं, कॅलिफोर्नियातलीच आजची भर घालतो. स्वतः बांधलेल्या गाड्यांसाठी धुराच्या नियमांत सवलत देणारी दरवर्षी पाचशेच प्रमाणपत्रं मिळतात, त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच धावपळ होते. माझ्या मित्राने फॅक्टरी फाइव्ह कंपनीची किट फोर्ड मस्टँग डोनर घेऊन बांधली. त्याचं म्हणणं, डोनर घेतल्याने पैसे वाचले पण प्रत्येक वाचलेला डॉलर ब्रशने घासून कमवावा लागला.

नदीकाठ

मी इथे रुग्णालयात आपत्कालीन विभागात नर्स आहे. तुमचा उत्साह मोडायचा नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या मुलाला तुम्ही शेजारी बसवणार. दार नाही, छत नाही, एअरबॅग नाही. बाजूने दुसरी गाडी आदळली तर मधे काय आहे? एक पाइप. वडील-मुलाने मिळून काही बांधावं याच्यासारखी गोष्ट नाही, पण गाडीच का? बोट बांधा, टेबल बांधा. आणि गाडीच बांधणार असाल तर पट्टे, डोक्यामागची कमान आणि सीट यांत एक पौंडही वाचवू नका.

लेस्टरची_लेक

@नदीकाठ, तुमची काळजी रास्त आहे. माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. आधुनिक गाडीइतकी ती सुरक्षित नाही, आणि असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

पण कोणी तपासतच नाही असंही नाही. नोंदणीआधी आयव्हीए नावाची चाचणी द्यावी लागते, दिवसाचा बराच भाग चालते. सीटच्या पट्ट्यांचे खुंटे कशात बसलेत, ब्रेक पुढे-मागे किती धरतात, आरसे, दिव्यांची उंची, स्पीडोमीटर, आवाज, सगळं. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल. बाहेरच्या टोकदार गोष्टींसाठी तर १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा फिरवतात. तो जिथे टेकेल तिथली प्रत्येक कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोल हवी. पादचाऱ्याला लागू नये म्हणून.

मी पहिल्या वेळी नापास झाले. सस्पेन्शनच्या दोन नटांवर टोप्या नव्हत्या, आणि वळणावर हात सैल केल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नव्हतं. टोप्या दहा मिनिटांत बसवल्या. स्टिअरिंगसाठी पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, वाढवावा लागला. तेव्हा चिडले होते. आज वाटतं, त्या माणसाने माझ्यावर उपकार केले, कारण पूर्वी गाडी सरळ रस्त्यावर भरकटायची ती त्यानंतर थांबली.

चौदाचापाना

@नदीकाठ, तुमचं लिहिणं बायकोला वाचून दाखवलं. आमचं ठरलं: गाडी बांधली तर मुलगा सोळा वर्षांचा होईपर्यंत हमरस्त्यावर शेजारी बसणार नाही. त्याला सांगितलं. थोडा हिरमुसला, मग म्हणाला, "पण पाना मीच धरणार."

आता नंबराचा प्रश्न. जुन्या गाडीचा नंबर राहतो का? कोणी म्हणतं राहतो, कोणी म्हणतं क्यू नंबर मिळतो.

हिशेबनीस

@चौदाचापाना, यात घोळ करू नका, किमतीवर परिणाम होतो. किट विकणाऱ्याकडून नवा सांगाडा आणि एकाच डोनरचे किमान दोन मुख्य भाग न बदलता वापरले, तर डोनरच्या वयाचा नंबर मिळतो. म्हणजे तुमचा मूळ नंबर नाही, पण १९९४ सालचा. चार गाड्यांचे भाग एकत्र केले आणि वय सिद्ध करता आलं नाही तर क्यू. म्हणून डोनरचं लॉगबुक, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, जपा, पावत्या जपा, प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा.

तुम्हाला आणखी एक फायदा आहे. धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते, आणि १ ऑगस्ट १९९५ च्या आधीच्या इंजिनाला ती सौम्य आहे. इंजिन १९९४ चं आहे याचा कागद हाती ठेवा. उलट बाजू: लंडनच्या यूलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शुल्क लागतं त्या भागात, ही गाडी नेणं महागात पडेल. २९ ऑगस्ट २०२३ पासून ते लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (प्रशासकीय विभागांत) लागू आहे, दिवसाला साडेबारा पौंड. तुमच्या आत्ताच्या गाडीलाही ते लागतंच.

मी आधी विरोधात लिहिलं, अजूनही पैशांच्या बाजूने विरोधातच आहे. पण करणार असाल तर नीट करा.

हिंगणावर्कशॉप

उशिरा लिहितोय. मी नागपूरला एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं होतो, आता निवृत्त. तुमचे बाबा दापोडीचे, म्हणजे एका घरचेच आपण. म्हणून जरा हक्काने लिहितो.

तुम्ही सगळे किट घ्यावी की नाही यावर बोलताय. गाडीकडे कोणी बघितलंच नाही. वेल्डरने १८०० सांगितले ते वरून बघून. गंज वरून कळत नाही: कधी वर मोठा दिसतो आणि आत पत्रा शाबूत असतो, कधी वर रंगाला एक फोड आणि आत पत्राच उरलेला नसतो. आमच्याकडे गाडी चासीवरून उतरवायची की नाही हे ठरवायच्या आधी एक माणूस छोटी हातोडी घेऊन खाली जायचा. ठोकत जायचा आणि ऐकत जायचा. चांगला पत्रा वाजतो, सडलेला थपथपतो. तुमचे बाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं.

तेव्हा आधी कार्पेट काढा, सीट काढा, सिलच्या आतल्या बाजूने आणि मागच्या सस्पेन्शनच्या बैठकीपाशी ठोका. पेचकस घेऊन टोचा. गंज सिलपुरता असेल तर माझं मत: वेल्ड करा आणि गाडी वाचवा. चांगली बॉडी फाडून किट बांधू नका. त्यासाठी दुसरी, अपघातात गेलेली गाडी मिळेल. गंज बैठकीत, पट्ट्यांच्या खुंट्यांत गेला असेल तर बॉडी संपली, मग जीव अडकवू नका.

आणि दुसरं. किट आधी मागवू नका. आधी गाडी उघडा. सोडवायला पैसे लागत नाहीत, पाने लागतात आणि धीर लागतो. चार महिन्यांत इंजिन-गिअरबॉक्स-सबफ्रेम घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, स्वच्छ उभं राहिलं आणि तुम्हाला रविवारी सकाळी उठून गॅरेजात जावंसं वाटत असेल, तर किट मागवा. वाटत नसेल तर ते सगळं तसंच विकता येतं, बांधणारे घेतातच. लेस्टरच्या ताईंनी विचारलं होतं ना, कुठले तास आवडतात? ते असं कळतं. बसून कळत नाही.

रोलकेज

काका, तुमचा प्रतिसाद छापून आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपात लावायला हवा.

लेस्टरची_लेक

हिंगणावर्कशॉप काकांशी पूर्ण सहमत. हे मला दहा वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं. मी किट आधी मागवली आणि ती चौदा महिने हॉलमध्ये सोफ्यामागे पडून होती.

@चौदाचापाना, सोडवायच्या आधी गाडी रस्त्यावरून काढल्याची नोंद, सॉर्न, करून टाका. फुकट असते, आणि मग रोड टॅक्स-विम्याचा प्रश्न येत नाही.

कर्वेरोडकर

माझ्या ८०० लाही उद्या हातोडीने वाजवून बघतो. बांधता नाही आली तरी वाचवता तर येईल.

चौदाचापाना

तीन आठवड्यांनी परत येतोय. घरी पाहुणे होते, पण शनिवार-रविवार गॅरेजातच गेले.

काकांनी सांगितलं तसं केलं. सीट काढल्या, कार्पेट काढलं. मुलाने हातोडी घेतली, मी विजेरी धरली. डावी बाजू पुढून मागे ठोकत गेलो. सीटपर्यंत आवाज खणखणीत. त्याच्या मागे एका वितीवर आवाज बदलला, त्याच्याही लक्षात आलं, त्याने हात थांबवून माझ्याकडे बघितलं. तिथे पेचकस टोचला तो मुठीपर्यंत आत गेला. पट्ट्याचा खुंटा तिथून चार बोटांवर. उजवी बाजू थोडी बरी, पण मागच्या सबफ्रेमची बैठक दोन्हीकडे पापुद्र्यांसारखी सुटतेय. एमओटीच्या नियमात पट्ट्याच्या किंवा सस्पेन्शनच्या खुंट्यापासून ३० सेंटिमीटरच्या आत असा गंज चालत नाही, आणि इथे दुरुस्त करायला वेल्ड चिकटवावा असा पत्राच उरलेला नाही. वेल्डरला परत बोलावून दाखवलं. त्याने आकडा सांगितला नाही, नुसती मान हलवली.

म्हणजे पहिली वाट बंद झाली. वाईट वाटलं. नऊ वर्षांत या गाडीने आम्हाला कॉर्नवॉलपासून स्कॉटलंडपर्यंत नेलंय, मुलगा पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसला तो हिच्यातच. पण भंगारवाल्याला फोन करायला हात उचलला नाही.

सॉर्न केलं. किट मागवलेली नाही. बॅटरी काढली, शीतक आणि तेल उतरवलं, एअरबॅग काळजीपूर्वक वेगळी ठेवली. आत्तापर्यंत टेपची साडेतीन रिळं संपली. नावं मुलगा लिहितो, मराठीत. "डावा मागचा लाल", "हॉर्न, जाड". इंजिन उचलायची क्रेन शेजाऱ्याकडून मिळतेय. मार्चअखेरपर्यंत यंत्रणा घोड्यांवर यावी असा बेत आहे. त्यानंतर काकांचा प्रश्न स्वतःला विचारणार, आणि उत्तर इथे लिहिणार.

@हिशेबनीस, वीस टक्के धरले. आकडा दहा हजारांच्या वर गेला. बायकोला दाखवला, ती म्हणाली, मार्चपर्यंत मी काही बोलणार नाही.

हार्डटॉप, दारं, बॉनेट विकायला काढतोय. रंग लाल, मागची काच गरम होणारी, सगळ्या पकडी शाबूत.

हिंगणावर्कशॉप

पोराच्या कानाचं कौतुक सांगा. आवाज बदललेला पहिल्या दिवशी ओळखणं सोपं नाही. हातोडी त्याच्याकडेच राहू द्या.

नदीकाठ

एअरबॅग काढताना बॅटरी सोडून थोडा वेळ थांबलात ना? आणि गॅरेजात अग्निशामक ठेवा. मार्चची वाट बघतेय.

चौदाचापाना

@नदीकाठ, हो, बॅटरी सोडून अर्धा तास थांबलो. अग्निशामक काल आणला, दाराशेजारी टांगला.

बर्मिंगहॅमकर

हार्डटॉप अजून आहे का? माझीही १९९४ चीच आहे, लालच, हिवाळ्यात भिजते. शनिवारी येऊन नेतो, येताना इंजिन स्टँड आणतो, माझ्याकडे रिकामा पडलाय. काम होईपर्यंत वापरा.